कुंडीतलं गवत आडवं का पडतं?

‘फुलझाडांना ऊन लागतं, गवत काय कुठेही उगवतं.’ या समजुतीने ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत नेरूळला जांभळं फाउंटन ग्रास हे शोभेचं गवत उत्तरेकडच्या बाल्कनीत ठेवलं जातं. दोन महिन्यांत पाती हिरवट, लांबट होऊन लोळू लागतात. मग ‘अशक्त झालंय’ म्हणून युरिया घालतात आणि ते आणखी लोळतं!

गोम प्रकाशसंश्लेषणात आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) जरा वेंधळं आहे. ते मधूनच ऑक्सिजनलाही पकडतं आणि झाडाची कमाई वाया जाते. ऊन तापलं की हा घोटाळा वाढतो. ऊस, ज्वारी, गवती चहा, वाळा आणि आपलं फाउंटन ग्रास यांनी त्यावर तोड काढली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्सिलेज हे दुसरं विकर कार्बन पकडतं. ऑक्सिजनला ते भुलत नाही. त्यातून चार कार्बनचं आम्ल बनतं, ते शिरांभोवतीच्या पेशींत पोचतं आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो. रुबिस्कोभोवती त्याची एवढी गर्दी होते की चूक करायला वावच उरत नाही. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये उसात हा मार्ग उलगडला. त्याला सी-4 म्हणतात.

पण ही ने-आण फुकट होत नाही. साध्या मार्गात कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूला 3 एटीपी (पेशीतली ऊर्जेची नाणी) लागतात, इथे 5. ही जादा ऊर्जा उन्हातूनच यायची. सावलीत हिशेब तोट्यात जातो.

 

तेव्हा रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच. कुंडी 12 इंची घ्या. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग गांडूळखत. खाली ताटली ठेवू नका. आपल्याकडच्या जुलैत साचलेल्या पाण्याने मुळं कुजतात. फेब्रुवारीअखेर जुनी पाती सुतळीने बांधून मातीपासून 15 सेंटिमीटरवर कापा. अगदी मातीलगत कापलंत तर बुडातले वाढीचे कोंब कापले जातील. मधला भाग सुकून कडेनेच फुटवे येत असतील, तर पहिल्या पावसानंतर ठोंब फोडा. प्रत्येक तुकड्याला मुळांसकट तीन-चार फुटवे हवेत. जांभळ्या जातीला सहसा बी धरत नाही, त्यामुळे रोपं वाढवायची ती अशीच. हिरव्या जातीचं बी मात्र वाऱ्यावर दूर जाऊन तण होतं, म्हणून तिचे तुरे पिकण्याआधीच उतरवा.