पंप पाणी ओढत नाही, आणि छातीही हवा ओढत नाही

अमेरिकेतल्या डोंगरी गावांतल्या फायर ब्रिगेडच्या रील्स हल्ली बऱ्याच दिसतात. गोठलेल्या तळ्यात बर्फाला भोक पाडून त्यात जाड पाइप सोडतात आणि पाणी उचलतात, आणि खाली आपल्यापैकी कुणाची तरी कमेंट असतेच की गाडी एवढी काठाला कशाला चिकटवायची, मोठी मोटार लावा, ओढेल की वरून. नाही ओढणार. कितीही एचपीची लावा.

कारण पंप पाणी ओढतच नाही. पंप फक्त पाइपमधली हवा काढून टाकतो, मग बाहेरच्या हवेचा दाब तळ्यातल्या पाण्यावर पडतो आणि तो पाण्याला पाइपात वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा जास्तीत जास्त १०.३ मीटर उंच खांब पेलू शकतो, त्याच्या वर संपलं. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटारही खाली उतरवावी लागते ते यामुळेच, शेतकऱ्याला हे शाळेत न जाताही पाठ असतं.

आता कोलोरॅडोतलं लेडव्हिल घ्या. उंची साधारण ३१०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. डोक्यावरचा हवेचा थर पातळ, त्यामुळे दाब समुद्रसपाटीच्या ६९-७० टक्केच. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कलच्या दाजींनी १६४८ साली पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्यूय द डोम डोंगरावर चढून पाहिलं होतं, पारा तीनेक इंच उतरला, तोच हा प्रकार. लेडव्हिलला १०.३ चे होतात ७.१ मीटर, तेही कागदावर. प्रत्यक्षात पाइपमधलं घर्षण, जाळी, वळणं यात बरंच जातं, त्यामुळे साडेचार-पाच मीटर मिळाले तरी खूप. गावाबाहेर हायड्रंट (रस्त्याकडेचे आग विझवायचे नळ) नाहीत, तळं नाहीतर टँकर, म्हणून ती गाडी काठाला चिकटते. पाइपही कडक लागतो, मऊ होज लावला तर बाहेरचा दाब त्याला चपटा करून टाकतो.

यात अजून एक वाटेकरी आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो: वाफ. पाइपमधली हवा काढली तरी पूर्ण पोकळी होत नाही, पाण्याची थोडी वाफ होतेच आणि ती खाली दाबत राहते. बर्फाखालच्या गार पाण्यात हे नगण्य, पण ३५ अंशाचं पाणी असेल तर अर्ध्या मीटरहून जास्त उंची ही वाफच खाते.

आता हीच वाफ फुफ्फुसात बघा, कारण अशा गावांत बऱ्याचदा आग विझवणारेच पॅरामेडिक, म्हणजे अँब्युलन्समधून येऊन जागेवर उपचार करणारे, असतात, आणि अमेरिकन फायर ब्रिगेडचे निम्म्याहून जास्त कॉल आगीचे नसून आजारपणाचे असतात. छाती फुगते, आतला दाब कमी होतो, बाहेरची हवा ढकलली जाते, म्हणजे पंपच. आत गेलेली हवा ३७ अंशाला ओली होते आणि वाफ पाऱ्याचे ४७ मिलीमीटर दाब घेऊन बसते, तुम्ही मुंबईत असा नाहीतर लेडव्हिलला, तिला सवलत माहीत नाही. मुंबईत ७६० मधून ४७ गेले, उरले ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे १५० ऑक्सिजनचे. लेडव्हिलला ५२५ मधून तेच ४७, उरले ४७८, ऑक्सिजनला १०० (पुढे कार्बन डायऑक्साइडही वाटा मागतो, तो हिशोब सोडून देऊ). म्हणजे वर ऑक्सिजनचं 'प्रमाण' कमी असतं हे चूक, २१ टक्के तिथेही तेवढेच, ढकलणारा दाब कमी.

म्हणून लडाखला जाताना रुमालात कापूर बांधून हुंगत बसणाऱ्यांना माझं सांगणं, कापराने नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसा चाळवतात, श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, ऑक्सिमीटरचा आकडा मात्र जागचा हलत नाही. कोलोरॅडोत टुरिस्टांना ऑक्सिजनचे छोटे डबे विकतात, तोही त्यातलाच प्रकार, त्यात जेमतेम काही मिनिटांचा माल. फायरमनच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्येही बहुतेक वेळा साधी हवाच असते, ऑक्सिजन नाही, आणि मास्कमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त, त्यामुळे तो माणूस अवजड सामान घेऊन त्याच विरळ हवेवर काम करत असतो.

खरी भीती फुफ्फुसात पाणी होण्याची. साधारण २५०० मीटरच्या वर, बहुधा दुसऱ्या रात्रीच्या सुमारास, कोरडा खोकला, बसल्या जागी धाप, ओठ निळे, आणि पेशंट म्हणतो सर्दी असेल. ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, पण सगळीकडे सारख्या नाही, मग जिथे कमी आवळल्या तिथे रक्ताचा जोर वाढून द्रव बाहेर झिरपतो. तो पॅरामेडिक आधी ऑक्सिजन लावतो, आणि त्रास जास्त असेल तर पेशंटला घेऊन अँब्युलन्स घाटाखाली काढतो.