तीव्र आकडीच्या मुलांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र : अर्ज नेमका कुठे अडतो

ड्रॅव्हे किंवा लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम (लहानपणी सुरू होणारे तीव्र आकडीचे आजार) असलेल्या मुलाला दिवसातून कितीही वेळा आकडी येवो, केवळ ‘अपस्मार’ (एपिलेप्सी) या नावावर दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अपस्मार स्वतंत्रपणे नाही. रोज फिट येतात, आणखी काय दाखवायचं, हा पालकांचा सवाल रास्तच आहे. पण प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय बोर्ड झटके मोजत नाही. बुद्धी, बोलणं, चालणं, स्वतःचं स्वतः करणं यांवर काय परिणाम झाला ते मोजतं.

म्हणून न्यूरोलॉजिस्टच्या पत्रात नुसतं ‘सीझर डिसऑर्डर’ चालत नाही. सिंड्रोमचं नाव, विकास किती मागे आहे आणि सुरू असलेली औषधं लिहून घ्या. ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद), एमआरआय, डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. अर्जात प्रकार निवडताना मूल ज्यात बसतं तोच निवडा : बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) किंवा दोन्ही असल्यास बहुविकलांगता.

बाकी सोपं आहे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी, मुलाचा आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, आपल्या जिल्ह्यातलं रुग्णालय. आधारवरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरशः जुळतंय ना, हे आधी तपासा.

वयाची अट फार जण चुकीची वाचतात. एक वर्ष पूर्ण होण्याआधी बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळत नाही. एक ते पाच वर्षांत ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ (एकूणच विकास मागे असणं) असं निदान लिहितात आणि तो दाखला तात्पुरता असतो. मुदत संपण्याआधीच पुन्हा तपासणीची तारीख घ्या. दाखल्याची मुदत संपल्यावर धावपळ करण्यात महिने जातात, आणि त्यात हाल मुलाचे होतात.

तपासणीच्या दिवशी उपाशी ठेवू नका, सकाळची गोळी चुकवू नका. अपुरी झोप आणि चुकलेला डोस यांनी रांगेत आकडी येऊ शकते. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही तर रांग सोडा, थेट कॅज्युअल्टीत जा. नुकतीच आकडी येऊन गेली असेल तर मूल गुंगीत असतं. तेव्हाच्या चाचणीत त्याची खरी कुवत दिसत नाही, म्हणून स्पष्टपणे दुसरी तारीख मागा. नकार मिळाला तर लेखी कारण घ्या. तोंडी ‘बसत नाही’ ऐकून परतू नका, अपील त्या कागदावरच होतं.

दाखल्यावरचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली असेल तर बहुतेक सवलती मिळत नाहीत. दिव्यांगांच्या ओळखपत्रावरची (यूडीआयडी कार्डावरची) पट्टी ४० च्या खाली पांढरी, ४० ते ७९ पिवळी, ८० पासून पुढे निळी.

केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा ‘निरामय’ आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असल्यासच तो मिळतो. नोंदणी कधीही केली तरी मुदत ३१ मार्चलाच संपते, तेव्हा नूतनीकरण त्याआधी करा.