पवईच्या तळ्यात ट्राउट का नाही?

मुंबईत फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी (फ्लाय) फेकून मासा पकडायची काठी, हाती धरणारे थोडेच, पण त्यांच्यात हा प्रश्न हटकून निघतो: इंग्लंडात एवढ्याएवढ्याशा तळ्यांत रेनबो ट्राउट हा गार पाण्यातला मासा मिळतो, मग आपल्या पवईत का नाही? एका शब्दात उत्तर द्यायचं तर तापमान. पण त्यामागची हकीकत मोठी आहे.

रेनबो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा आणि रशियातल्या कामचाटकाचा. तो जगभर गेला तो अंड्यांच्या रूपाने. अंड्यात पिल्लाचे डोळे दिसू लागले की ती ओल्या शेवाळात, बर्फाच्या गारव्यात लांबचा प्रवास सोसतात. 1883 मध्ये ती कॅलिफोर्नियातून न्यूझीलंडला पोहोचली. तळ्यात हा मासा झपाट्याने वाढतो, पण विणीसाठी त्याला वाहतं पाणी आणि तळाशी बारीक खडी लागते. म्हणून छोट्या तळ्यातला रेनबो बहुधा हॅचरीतून, म्हणजे मासे उबवून वाढवण्याच्या केंद्रातून आणून सोडलेलाच असतो.

तळ्यावरच्या फ्लाय फिशिंगला खरं वळण मिळालं ते ब्रिस्टलजवळच्या ब्लॅग्डनला. हा शहराच्या पाणीपुरवठ्याचा जलाशय. 1904 मध्ये तिथे मासेमारी खुली झाली आणि लोक साल्मनसाठीच्या मोठ्या भडक नकली माश्या फेकू लागले. पुढे डॉ. बेल नावाच्या स्थानिक डॉक्टरांनी पकडलेल्या माशांच्या पोटात काय आहे ते तपासायला सुरुवात केली. त्यात निघाले बारीक किडे, विशेषतः न चावणाऱ्या चिलटांचे कोष, जे पृष्ठभागाच्या जरासे खाली लोंबकळतात. त्यांनी बांधलेली नक्कल अगदी साधी: काळं अंग, त्यावर सोनेरी तारेचे वेढे आणि डोक्याशी पांढरा झुबका. ती पाण्यात सोडायची आणि अगदी सावकाश ओढायची. माझ्या मते आजची तळ्यावरची सगळी पद्धत या निरीक्षणावर उभी आहे.

भारतात फ्रान्सिस डे यांनी 1860 च्या दशकात नीलगिरीत केलेले प्रयत्न फसले. पुढे एच. सी. विल्सन यांनी नीलगिरीतल्याच अव्हलांचला हॅचरी उभारली आणि तिथे रेनबो रुजला. काश्मीरात आधी ब्राउन ट्राउट आला आणि मग रेनबो. दोन्हीकडे उंचीमुळे पाणी गार.

मुंबईचे जलाशयही ब्लॅग्डनसारखेच पाणीपुरवठ्यासाठी बांधलेले, आणि त्याच्याआधीचे: विहार 1860, तुळशी 1879, पवई 1891. पवईचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही, आणि पुढे हे तळं गळाने मासे धरणाऱ्यांचं झालं. पण रेनबोला 10 ते 18 अंशांचं पाणी मानवतं. 25 च्या आसपास तो तगत नाही, कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी आणि त्याची गरज मात्र वाढलेली. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी त्याच्याही वर जातं.

म्हणून इथे रोहू, कटला, मृगळ आणि महसीर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या हॅचरीत 1970 च्या दशकात डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि ओगले यांनी दख्खनी महसीरची कृत्रिम वीण यशस्वी केली. हे काम मला ट्राउट आणण्यापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. महसीर फ्लायवरही येतो आणि ताकदीने झुंजतो. पण फ्लाय फेकायला मोकळं पाणी लागतं, आणि पवईत सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी नेमकं तेच गिळते आहे.