पोर्टस्मथ : बंदरातील मारामाऱ्या आणि आरमारी न्याय (अठरावे शतक)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील तटबंदीचे शहर आणि ब्रिटिश आरमाराची मोठी गोदी. समोरच स्पिटहेडचा नांगरतळ. गुद्दागुद्दी आणि शिवीगाळ येथे रोजचीच होती. पण एकाच ठोशाची शिक्षा तो कोणी, कोणाला आणि पाण्यावर की जमिनीवर मारला यावरून ठरे.

दंग्याची कारणे उघड होती. खलाशी पळून जातील या भीतीने त्यांना किनाऱ्यावर सहसा सोडत नसत. पगार महिनोन्‌महिने थकत जाई आणि मग एकदम हातात पडे. तटाबाहेरचा ‘पॉइंट’ हा भाग गुत्त्यांनी भरलेला होता. जहाजावर रोज माणशी अर्धा पाइंट (सुमारे पाव लिटर) रम मिळे. ती चौपट पाण्यात मिसळून देण्याचा हुकूम ॲडमिरल व्हर्नन यांनी १७४० मध्ये काढला, तो या दारूबाजीला आळा घालण्यासाठीच.

जहाजावर १७४९ चा आरमार कायदा चाले. कलम २२ नुसार कामावर असलेल्या वरिष्ठाला मारले किंवा त्याच्यावर शस्त्र उगारले, तर मृत्युदंड. दुसरी शिक्षाच नव्हती. आपसांतली मारामारी आणि चिथावणीचे बोलणे कलम २३ मध्ये येई. तिथे शिक्षा न्यायालय ठरवी. कलम २२ च्या कठोरपणामुळे ‘अधिकारी त्या क्षणी कामावर होता का’ हा प्रश्न कळीचा ठरे. तो नव्हता असे ठरले, की आरोपीचा गळा वाचे.

आरमारी न्यायालय जहाजावरच भरे. त्यात किमान ५ आणि जास्तीत जास्त १३ अधिकारी, बहुधा कप्तान, बसत, आणि निकाल बहुमताने लागे. एकट्या जहाजावर इतके कप्तान कोठून आणणार? म्हणून दूरच्या सफरीतला खटला ताफा जमेपर्यंत थांबे. पोर्टस्मथमध्ये खटल्यांची गर्दी होई ती यामुळे. व्यवस्थेचा खरा दोषही हाच होता: आरोपी बेड्यांत राही आणि तोवर साक्षीदार दुसऱ्या जहाजांवर पांगलेले असत. मायदेशाच्या समुद्रातला मृत्युदंड, बंडाचा गुन्हा वगळता, ॲडमिरल्टीला (आरमाराच्या वरिष्ठ मंडळाला) कळवल्याशिवाय अमलात येत नसे.

किरकोळ भांडणे न्यायालयापर्यंत जातच नसत. कप्तान माणसाला लाकडी जाळीला बांधून तांडेलाच्या मदतनिसांकडून नऊ दोऱ्यांच्या कोरड्याचे फटके मारवी. १७३१ च्या नियमांत खटल्याविना १२ फटक्यांची मर्यादा होती. ती सर्रास ओलांडली जाई. सर्वांत भयंकर शिक्षा ‘ताफ्याभोवती फटके’. ती न्यायालयच देऊ शके. कैद्याला होडीतून जहाजामागून जहाजाशी नेत आणि प्रत्येकाजवळ फटक्यांचा ठरलेला हिस्सा देत. शल्यवैद्याने थांबवले, तर उरलेले फटके जखमा भरल्यावर बसत.

किनाऱ्यावर चित्र पालटे. ब्रिटिश भूमीवर आरमारी न्यायालयाचा हात बंड, पलायन आणि आज्ञाभंग एवढ्यापुरताच पोचे. गुत्त्यात गावकऱ्याचे डोके फोडणारा खलाशी शहराच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभा राही. खून असेल तर विंचेस्टरच्या फिरत्या सत्र न्यायालयापुढे. १७५५ नंतर मरीन सैनिकांना (जहाजांवर नेमलेल्या शिपायांना) जमिनीवर त्यांचा वेगळा शिस्तकायदा लागू झाला, जहाजावर मात्र आरमाराचाच. गोदीतला सुतार पूर्णपणे नागरी कायद्याखाली होता. गोदीतील दोरखान्याला आग लावणारा ‘जॅक द पेंटर’ याचा खटलाही विंचेस्टरलाच चालला. फाशी मात्र १० मार्च १७७७ रोजी गोदीच्या दरवाजाशी, ६० फूट उंच डोलकाठीवर झाली.

साध्या मारहाणीत फिर्यादीला बहुधा कैदेपेक्षा भरपाई हवी असे. दंडाधिकारी मुचलका लिहून घेई किंवा तडजोड घडवी. वारा अनुकूल झाला की जहाज सुटे, आणि आरोपी व साक्षीदार दोघेही त्याच्याबरोबर निघून जात.