स्कूटरचा स्वस्त क्लच: तीन शू, तीन स्प्रिंगा आणि एक वजाबाकी

सिग्नल सुटला की स्कूटर आधी थरथरायची आणि मग निघायची, लक्षण एवढंच होतं. एकदा वेग आला की सगळं लोण्यासारखं. माझं रोजचं जाणंयेणं मुंबईत विक्रोळी ते अंधेरी, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने), म्हणजे पवई ओलांडेपर्यंतच वीस-पंचवीस वेळा थांबून निघायचं, त्यामुळे ती थरथर कंबरेत जाऊन बसली होती. गॅरेजवाले मामा म्हणाले, "ताई, क्लच शू गेलेत. ओरिजिनल टाकू की लोकल? लोकल निम्म्याहून कमी पैशात बसेल." मी म्हटलं टाका लोकल. दोन महिन्यांत थरथर परत, आणि आधीपेक्षा जोरात.

मग मी मामांना सांगितलं की परत खोला, पण निघालेला माल मला द्या, मला बघायचंय त्यात काय आहे. ते शू घरी आणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले, आणि तिथून हे सगळं समजत गेलं.

गिअरलेस स्कूटरला क्लचची दांडी नसते म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की क्लचच नसतो. असतो, फक्त तो आपला आपण लागतो आणि सुटतो. आपल्याकडे हा प्रकार १९८४ला कायनेटिक होंडा आली तेव्हापासून घराघरात गेला, आणि आज रस्त्यावरच्या पेट्रोलच्या बहुतेक स्कूटर ह्याच पद्धतीवर चालतात. डाव्या बाजूला जे लांबट कव्हर दिसतं त्याच्या आत पुढे व्हेरिएटर (इंजिनाकडची, वेगाप्रमाणे बेल्टचा घेर बदलणारी पुली), मधे रबरी बेल्ट, मागे दुसरी पुली, आणि त्या मागच्या पुलीवर बसलेला हा क्लच. एका गोल प्लेटवर तीन शू, प्रत्येक शू एका टोकाला पिनवर फिरणारा, शूच्या पाठीवर घर्षणाचं लायनिंग चिकटवलेलं आणि तिघांना आत खेचून धरणाऱ्या तीन छोट्या स्प्रिंगा. ह्या सगळ्याच्या भोवती एक स्टीलचा ड्रम, त्याचं कनेक्शन चाकाशी.

मिक्सर चालू केला की चटणी भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटते ना, तसंच हे. प्लेट फिरते, शू बाहेर जायला बघतात, स्प्रिंग त्यांना आत ओढते. इंजिन नुसतं गुरगुरत असताना स्प्रिंग जिंकते आणि चाक सुटं राहतं. रेस दिली की शू जिंकतात, ड्रमला जाऊन दाबतात आणि चाक फिरायला लागतं.

आता आकडे बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. समजा एका शूचं वजन १५० ग्रॅम, आणि ते मध्यापासून ५ सेंटीमीटरवर फिरतंय. गाडी उभी असताना बेल्टमुळे मागची पुली इंजिनपेक्षा साधारण अडीच पट हळू फिरते. म्हणजे इंजिन १७०० आरपीएमवर (मिनिटाला १७०० फेरे) असेल तर क्लच फक्त ६८० वर, आणि हिशोब केला तर शूवर बाहेरच्या दिशेने साधारण ४ किलोचा जोर येतो. हेच इंजिन ३००० वर नेलं तर क्लच १२०० वर जातो आणि जोर होतो १२ किलो. वेग दुपटीपेक्षा कमी वाढला आणि जोर तिप्पट, कारण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. आता स्प्रिंग आत ओढतेय ८ किलोने असं धरा. तर ३००० आरपीएमला शू ड्रमवर किती दाबणार? १२ किलोने नाही, १२ वजा ८, फक्त ४ किलोने.

ही वजाबाकीच सगळ्याचं मूळ आहे. एक शू नुसता ६ ग्रॅमने जड निघाला, म्हणजे चार टक्के, तर त्याचा बाहेरचा जोर होतो १२.५ किलो, आणि वजाबाकी करून दाब उरतो ४.५, म्हणजे बाकीच्यांपेक्षा बारा टक्के जास्त. एखादी स्प्रिंग दहा टक्के ढिली असेल तर तिथला दाब ४.८, वीस टक्के जास्त. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करायचा असला की छोटीशी चूक उत्तरात फुगून येते. त्यामुळे एक शू आधी टेकतो, दुसरा मागून, तिसरा उशिरा.

माझ्या काट्यावर दोन शू एका ग्रॅमच्या फरकाने सारखे होते, तिसरा ७ ग्रॅमने जड. स्प्रिंगांसाठी मी बादली वापरली, खुणेपर्यंत पाणी भरून प्रत्येक स्प्रिंगला तीच बादली टांगली आणि पट्टीने लांबी मोजली. एक स्प्रिंग दुसरीपेक्षा चक्क २ मिलिमीटर जास्त ताणली गेली. तीन स्प्रिंगा, एकाच पाकिटातल्या!

पण वजन आणि स्प्रिंग ही अर्धीच गोष्ट झाली, उरलेली अर्धी लायनिंगमध्ये आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. नवीन लायनिंग ओरिजिनल असो की लोकल, सारखंच काळपट दिसतं. आत तंतू, धातूची पूड, भराव आणि हे सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन असतं, म्हणजे कुकरच्या काळ्या हँडलमधल्या बॅकेलाइटचंच भावंड. हे रेझिन उष्णता किती सोसतं, त्यावर क्लचचं आयुष्य ठरतं.

आणि उष्णता किती तयार होते ते ऐकाच. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २४० किलो धरा, ताशी १५ किलोमीटरपर्यंत क्लच घसरत घसरत पकड घेतो असं धरा. तेवढा वेग द्यायला साधारण २००० जूल लागतात, आणि इंजिनचा वेग स्थिर धरला तर जेवढी ऊर्जा गाडीच्या वेगात जाते तेवढीच क्लचमध्ये उष्णता म्हणून जाते, घर्षण चांगलं असो की वाईट, हा हिस्सा चुकत नाही. चौदा-पंधरा वेळा सिग्नलवरून निघालात की एक कटिंगभर पाणी उकळेल इतकी उष्णता त्या बंद डब्यात ओतली गेली. हायवेला सरळ जाणाऱ्याच्या क्लचला हा त्रास नाही, आपल्याकडे साकीनाक्याला संध्याकाळी सातला उभं राहणाऱ्याच्या क्लचला आहे.

माझ्या ड्रमच्या आत एक निळसर पट्टा उमटलेला होता. तो डाग नाही, तो एक प्रकारचा थर्मामीटरच आहे. स्टील तापलं की वर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो, जास्त तापलं की थर जाड होतो, आणि त्याच्या जाडीप्रमाणे प्रकाशाचे रंग बदलतात, पावसात रस्त्यावर तेल सांडल्यावर दिसतात त्याच कारणाने. फिकट पिवळा म्हणजे २२५ अंशांच्या आसपास, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. माझा ड्रम तिथपर्यंत गेला होता. इतक्या तापात हलकं रेझिन सुटायला लागतं, वर येऊन परत घट्ट होतं, आणि लायनिंग काचेसारखं चकचकीत होतं. नखाने घासलं तर माझे शू अगदी फरशीसारखे लागत होते.

ह्या चकाकीतून ती थरथर येते. चांगल्या लायनिंगचं घर्षण घसरण्याचा वेग बदलला तरी फारसं बदलत नाही. चकाकलेल्या लायनिंगचं मात्र घसरणं कमी झालं की घर्षण वाढतं, म्हणजे पकड मिळते न मिळते तोच एकदम चावतं, मग सुटतं, मग परत चावतं, सेकंदाला कितीतरी वेळा. फळ्यावर खडू किंचाळतो किंवा जुनं दार करकरतं ते ह्याच पकड-सुट प्रकाराने. मी चाळीस नंबरच्या जाड पॉलिश पेपरने शू घासून बघितले, चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आतलंच मटेरियल ताप सोसणारं नसेल तर वरून घासून काय होणार.

मग मी काय केलं, परत लोकलच घेतला. खरंच. पण ह्यावेळी पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि बॅच नंबर छापलेला, आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुकानदाराच्या काउंटरवरच खिशातल्या छोट्या काट्यावर तिन्ही शू तोलून. त्याने दोन सेट उघडू दिले, दुसऱ्यात तिन्ही शू दोन ग्रॅमच्या आत बसले, तो घेतला. लायनिंग आणि धातू ह्यांच्या जोडावर नख फिरवून बघितलं, कुठे फट नाही ना, कारण लायनिंगचा तुकडा सुटून ड्रममध्ये अडकला तर ते थरथरीवर भागत नाही. स्प्रिंगा बादलीवर तपासल्या. डुप्लिकेट माल, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचं पाकीट छापून विकलेला, आणि स्वतःच्या नावाने विकलेला स्वस्त माल ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोघांना "लोकल" हा एकच शब्द लावून आपण चांगल्या कारखानदारावर अन्याय करतो असं माझं मत आहे.

घरी खोलायचा विचार असेल तर एक सांगते, मागच्या पुलीच्या आत मोठी कॉन्ट्रा स्प्रिंग दाबून बसवलेली असते. तो मोठा नट नुसता सोडला तर क्लच प्लेट तोंडावर उडते. दाबून धरायचं टूल नसेल तर ते काम मामांनाच करू द्या. आणि आतली काळी पूड हवेच्या प्रेशरने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा, स्वस्त मालात काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, ओल्या फडक्याने पुसा. लायनिंगला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

चालवण्यात मी एकच सवय मोडली. पुलाच्या चढावर गाडी पुढेमागे जाऊ नये म्हणून मी थोडी रेस देऊन तोलून धरायची. तेव्हा चाक थांबलेलं आणि प्लेट फिरतेय, म्हणजे क्लचमध्ये जाणारी सगळीच्या सगळी ऊर्जा त्या डब्यात उष्णता होतेय, गाडीला त्यातलं काहीच नाही. आता मी ब्रेक धरते.

पावसाळ्याआधी मामांकडे परत एकदा कव्हर खोललं. ड्रम पॉलिश पेपरने साफ करून बसवला होता, त्यावर आता फक्त फिकट पिवळी कड आहे, निळं कुठेच नाही. शू मळकट दिसतायत, चकाकी नाही. मामांनी अंगठ्याने लायनिंग घासून बघितलं आणि विचारलं, "ताई, तो काटा कितीला मिळतो?"