वकिलीची सनद आणि निरंतर विधिशिक्षण

वकिली करण्याची कायदेशीर अनुज्ञा म्हणजे सनद. ती अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली राज्याची बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, देते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकण किनारपट्टीवरील वकिलांची नावे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाच्या नामावलीत दाखल होतात. देशभर कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा हक्क देणारे कलम ३० मात्र अधिनियमानंतर पन्नास वर्षांनी, १५ जून २०११ रोजी, अमलात आले.

सनदेसाठी कायद्याची पदवी आणि वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. नोंदणी शुल्क ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी १२५ रुपयांहून, अधिक घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ठरवले. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. २०११ मध्ये पहिल्यांदा झालेल्या या परीक्षेची वैधता घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केली.

उमेदवारी, म्हणजे शिकाऊ काळ, मात्र सक्तीची नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे प्रशिक्षणविषयक नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केले, त्यामुळे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढलेली वर्षे ही कायद्याची अट नसून केवळ रिवाज आहे. कोकणात या रिवाजाचे महत्त्व विशेष आहे, कारण तेथील जमिनीचे दावे पदवीच्या अभ्यासक्रमात बसणारे नसतात. खोती (गावाच्या सारावसुलीची वंशपरंपरागत पद्धत) निर्मूलनाचा १९४९ चा कायदा, १९४८ चा कूळकायदा, जुन्या मोडी दस्तांतील नोंदी आणि मुंबईला स्थायिक झालेले भाऊबंद असा गुंता एकाच सातबाऱ्यावर आढळतो. वाटपाचा दावा लावताना नवशिका ज्युनिअर बहुधा चालू उतारा पाहतो. मुरलेला वकील आधी जुने फेरफार काढायला लावतो आणि दुसऱ्या पिढीतल्या बहिणींची नावे वारसनोंदीत कोठे गळाली ते शोधतो, कारण एखादा सहहिस्सेदार दाव्यात सामील करायचा राहिला तर सारी मेहनत वाया जाऊ शकते. बार परीक्षेत याची कसोटी लागत नाही.

सनद मिळाल्यानंतरच्या शिक्षणाबाबत भारतीय व्यवस्था सैल आहे. कॅलिफोर्नियात वकिलाला दर तीन वर्षांनी २५ तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. भारतात सर्व वकिलांना बंधनकारक अशी तासांची अट नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचे ३०२ कलम १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० कलम ३१८ मध्ये गेले, तरी नवी संहिता वाचल्याचा दाखला कोणत्याही वकिलाला द्यावा लागला नाही. न्यायाधीशांसाठी याच किनाऱ्यावर, भाईंदरजवळ उत्तनला, महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. वकिलांची भिस्त बार रूममधील चर्चेवर आणि वकील संघटनांच्या व्याख्यानांवर राहते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती अपुरी पडते.

कलम ३५ खाली गैरवर्तनाबद्दल समज देणे, काही काळ व्यवसायबंदी करणे किंवा नामावलीतून नाव काढणे या शिक्षा होऊ शकतात; अद्ययावत ज्ञान नसणे हे सनद जाण्याचे स्वतंत्र कारण म्हणून अधिनियमात नमूद नाही.