कलोपचार : कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांसाठी (ग्रामीण विदर्भ)

चित्र, कणकेची खेळणी, कागदाचे चिकटकाम, कापडी बाहुली अशा साधनांतून मनावरचा ताण हलका करणारी आणि तोंडाने सांगता न येणाऱ्या गोष्टीला वाट करून देणारी उपचारपद्धती म्हणजे कलोपचार. कर्करोगाच्या बालरुग्णांसाठी ती औषधांच्या जोडीने वापरतात. तिने गाठ विरघळत नाही की रक्तातल्या पेशी सुधारत नाहीत. हे पालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवे, कारण खेड्यातून आलेल्या घराने झाडपाला, अंगारा आणि ‘हमखास’ औषधांपायी आधीच बरेच आठवडे गमावलेले असू शकतात.

‘आर्ट थेरपी’ हा शब्द ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी १९४२ मध्ये रूढ केला. क्षयरोगाने सॅनिटोरियममध्ये पडून असताना त्यांना स्वतःला चित्रकलेने सावरले होते. पुढे अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग आणि मुलांसोबत दीर्घकाळ काम केलेल्या ईडिथ क्रेमर यांनी या पद्धतीला शास्त्राची बैठक दिली. ब्रिटनमध्ये आज नोंदणीवाचून कोणाला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. आपल्याकडे प्रशिक्षित माणसे थोडी. हे काम बहुधा समुपदेशक, समाजसेवा विभागातल्या ताई किंवा स्वयंसेवक करतात.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग रक्ताचा असतो, आणि त्यातही अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. सुरुवातीचे महिने सलाईन, हाडातल्या मज्जेची तपासणी आणि पाठीतली सुई यांतच जातात. नंतरचा मोठा काळ घरी गोळ्या घेत काढायचा असतो. विदर्भातले घर त्यासाठी नागपूर किंवा सेवाग्राम गाठते, नाहीतर थेट मुंबईचे टाटा रुग्णालय. भामरागडच्या मुलाला नागपूरच ३०० किलोमीटरहून लांब. शेत, गुरे आणि धाकटी भावंडे आजीच्या भरवशावर टाकून आईबापांपैकी एक जण सोबत येतो, आणि मुलाचे गाव, शाळा, सवंगडी एका रात्रीत तुटतात.

वॉर्डात मुलाला कशालाच ‘नाही’ म्हणता येत नाही. सुई कधी, जेवण कोणते, केस जाणार की राहणार, सगळे दुसरेच ठरवतात. कोऱ्या कागदावर मात्र त्याचे चालते: रंग कोणता, झाड कुठे, चित्र दाखवायचे की फाडायचे. कलोपचाराचे खरे बळ इथे आहे. म्हणून मुलासोबत बसणाऱ्याने ‘झाडाची पानं निळी कशी?’ असे विचारू नये. विचारायचेच तर ‘इथं काय चाललंय?’ एवढे पुरे. स्पर्धा, बक्षीस, भिंतीवर ‘उत्कृष्ट’ चित्र लावणे हे या कामाला मारक आहे.

दुसरा प्रश्न भाषेचा. मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, भामरागडकडचे माडिया. डॉक्टर मराठीत नाहीतर हिंदीत विचारतात. बाप दुभाषी होतो आणि मुलाचे निम्मे बोलणे वाटेतच गळते. शरीराची बाह्यरेषा काढून ‘दुखतं तिथं रंग भर’ म्हटले की पाच वर्षांचे मूलही दुखणे दाखवू शकते, आणि त्या कागदाचा डॉक्टरांनाही उपयोग होतो.

तिसरी गोष्ट मौनाची. बापाने ‘पोटात गाठ हाये, निघाली का घरी जाऊ’ एवढेच सांगितलेले असते. शेजारच्या खाटेवरचे पोर कुठे गेले ते मुलाने पाहिलेले असते. दोघेही एकमेकांना जपत गप्प राहतात. लहान मुलांना पुष्कळदा वाटते की आपण ऐकले नाही, म्हणून हा आजार झाला. हा अपराधभाव चित्रातून बाहेर आला, तर ‘यात तुझी काही चूक नाही’ असे त्याला सांगता येते. पण काळा रंग म्हणजे दुःख, मोठे दात म्हणजे राग असली कोष्टके वापरू नयेत. डब्यात काळाच खडू उरला असेल, तर मूल काळ्यानेच रंगवणार. अर्थ मुलाच्या तोंडून यावा.

साधनांना वैद्यकीय मर्यादा आहेत. केमोने पांढऱ्या पेशी घटतात तेव्हा ओली माती, वाळकी पाने, रानफुले वर्ज्य, कारण त्यांत बुरशी असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, विदर्भातली मुले लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. त्या वेळी वॉर्डात असलेल्या मुलाला बैल हवाच असतो. तिथे ताज्या कणकेत मीठ आणि हळद मळून बैल करता येतो. आधी हात धुवायचे आणि गोळा संध्याकाळी टाकून द्यायचा. व्हिन्क्रिस्टीन या औषधाने बोटांतली ताकद जाते, मुंग्या येतात. अशा मुलाला बारीक पेन्सिल देणे म्हणजे त्याला हरवणे. जाड खडू द्यावा, किंवा पेन्सिलीला गॉज गुंडाळून मूठ जाड करावी. शिंगे वळवायला तेच मूल दहा मिनिटे घेते, घेऊ द्यावीत. सुई उजव्या हाताला असेल तर डाव्याने काढलेली वेडीवाकडी रेघही चालते.

सुईआधीच्या खेळाचा फायदा जास्त स्पष्ट दिसतो. कापडी बाहुलीच्या पाठीला मुलाने स्वतः पट्टी लावायची, पुढे काय होणार ते चित्रांत क्रमाने मांडायचे, आणि मग खोलीत जायचे. इटलीतील कातानिया येथे ल्युकेमियाच्या ३२ मुलांसोबत असे काम झाले. त्याचा अहवाल २००१ मध्ये आला. मुले दुखऱ्या तपासण्यांच्या वेळी अधिक सहकार्य करत होती आणि पुढच्या खेपेला पुन्हा चित्रांची मागणी करत होती. या क्षेत्रातले अभ्यास बहुतेक असेच लहान आहेत.

विदर्भाच्या मुलाकडे आपली प्रतिमाही असते. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई आणि संकटे सोबत घेऊन जाणारा पुतळा, मिरवणुकीने निघते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी उठते. खेड्यापाड्यांतही ती ऐकू येते. आजाराची मारबत काढून तिला खाटेपासून दारापर्यंत नेणे हा खेळ मुलाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र रोग परत उलटला तर ‘माझीच मारबत नीट गेली नाही’ असे त्याला वाटू नये, म्हणून हा खेळ मुलाने सुरू केला तरच खेळावा.

गोळ्यांच्या काळात मूल गावी परतते. केस नसतात, स्टेरॉइडने तोंड सुजलेले असते, नाकावर मास्क. आजार लागण्यासारखा आहे अशा समजुतीने वर्गातली मुले लांब सरकतात. गुरुजींनी आधीच सगळ्या वर्गाला टोपीवाला, मास्कवाला मित्र काढायला लावला आणि कॅन्सर शिवल्याने होत नाही हे त्या निमित्ताने सांगितले, तर पहिला दिवस निभावतो. यासाठी खर्च नाही, एक तास लागतो.

चित्रांची मालकी मुलाची. फोटो काढायचा, फाईलला लावायचे किंवा देणगीदारांना दाखवायचे, तर मुलाला आणि पालकांना विचारावे. मूल दगावले तर चित्रे एका पाकिटात नावासह जपून ठेवावीत आणि घरच्यांना तसे कळवावे. काही आया ती लगेच मागतात, काहींना वर्ष लागते, काहींना ती पाहवत नाहीत.